बोटीच्या पंख्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आहेत. पॉलिशिंग मशीन कोणते घ्यावे?

मिरजोळे वर्कशॉप, रत्नागिरी

नमस्कार. मिरजोळे औद्योगिक वसाहतीत आमचा ओतकाम आणि मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. मासेमारी नौकांचे पंखे, शाफ्टचे बुश आणि पंपांचे इम्पेलर ही आमची मुख्य कामे. पंखे बहुतांशी मँगनीज ब्राँझचे असतात; मोठ्या ट्रॉलरसाठी कधी निकेल ॲल्युमिनिअम ब्राँझची मागणी येते आणि जोडीला थोडे बिडाचे (कास्ट आयर्नचे) कामही चालते.

एखाद्या पंख्याचे पाते मुळाशी तुटून आले की मालकाचा पहिला प्रश्न असतो की ओतकामातच दोष होता, की समुद्राच्या पाण्याने धातू खाल्ला. नुसत्या डोळ्यांनी पाहून याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. आजवर असे तुकडे आम्ही आंबा घाटातून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पाठवत आलो. परंतु १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, जेव्हा नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीची घाई असते, नेमका तेव्हाच घाटरस्ता बेभरवशाचा होतो, आणि अहवाल हाती येईपर्यंत मालक दुसरा पंखा बसवून मोकळा झालेला असतो. म्हणून आम्ही धातूंसाठीचा एक जुना सूक्ष्मदर्शक घेतला आहे, त्यातून १०० ते ५०० पटींपर्यंत पाहता येते, आणि आता नमुने तयार करण्याचे मशीन घ्यायचे ठरवले आहे.

सध्या आम्ही काचेवर पॉलिश पेपर ठेवून नमुना हाताने घासतो. नंतर लेथच्या चकात लाकडी चकती धरून, तिच्यावर मखमल ताणून, ॲल्युमिना कालवलेल्या पाण्याने पॉलिश करतो. नमुना धरण्यासाठी तो ॲक्रिलिकच्या पावडर-द्रावाच्या मिश्रणात बसवतो. यात तीन अडचणी सतत येतात. शेवटपर्यंत काही ओरखडे जातच नाहीत. नमुन्याच्या कडा गोलावतात आणि सूक्ष्मदर्शकात मध्यभाग स्पष्ट दिसला की कड धूसर दिसते. आणि एचिंग (रचना उठून दिसावी म्हणून पृष्ठभागाला आम्लाचे द्रावण लावणे) केल्यावर काही वेळाने कडेने तपकिरी डाग पसरतात, जे पावसाळ्यात फारच वाढतात.

विक्रेत्यांनी तीन पर्याय सांगितले आहेत: २०० मिमी व्यासाच्या एका चकतीचे ठरावीक वेगाचे मशीन, २५० मिमीच्या दोन चकत्यांचे वेग बदलता येणारे मशीन, आणि नमुने आपोआप दाबून फिरवणारे हेड असलेले मशीन. आमचे नमुने महिन्याला मोजकेच असतात, फक्त पावसाळ्यात वाढतात. कारखान्यातले पाणी विहिरीचे आहे आणि उन्हाळ्यात ते मचूळ होते. विजेचा दाबही कायम सारखा नसतो. या परिस्थितीत कोणते मशीन घ्यावे, आणि मशीन घेतल्याने या तीनही अडचणी सुटतील का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

धातुशास्त्र विभाग, चिपळूण

आपण अडचणी इतक्या नेमक्या सांगितल्या आहेत की मशीनकडे वळण्याआधी त्यांचीच कारणे पाहणे योग्य ठरेल, कारण तीनही अडचणींची मुळे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील दोन तरी नवे मशीन आणूनही तशाच राहू शकतात.

प्रथम ओरखडे. ओरखडा वरून दिसतो तेवढाच खोल नसतो. त्याच्या खाली धातूचे कण दाबले गेलेले, वाकलेले असतात, आणि वरचा चर नाहीसा झाला तरी हा बिघडलेला थर शिल्लक राहू शकतो. एचिंग केले की आम्ल त्या थरावर वेगळ्या रीतीने काम करते आणि गेलेले वाटणारे ओरखडे पुन्हा उमटतात. म्हणून प्रत्येक पेपरवर आधीच्या पेपरचे ओरखडे जाईपर्यंत घासायचे आणि त्यानंतर पुन्हा जवळजवळ तितकाच वेळ घासायचे, ही सवय लावून घ्यावी. हाताने घासताना पेपर बदलला की नमुना काटकोनात वळवावा. नवे ओरखडे एका दिशेने आणि जुने आडवे दिसतात, त्यामुळे जुने संपले की नाहीत हे भिंगातूनही कळते.

या बिघडलेल्या थराची सुरुवात कापणीपासून होते. पात्याचा तुकडा जर हँड ग्राइंडरने कोरडाच कापत असाल, तर कापलेल्या पृष्ठभागाखाली उष्णतेने रचना बदललेली असते आणि बारीक पेपरने ती कधीच निघत नाही. पाणी सोडणाऱ्या कटरची सोय नसेल तर हॅकसॉने सावकाश कापलेला तुकडा कोरड्या ग्राइंडरपेक्षा पुष्कळ बरा. आपल्या खर्चाच्या यादीत पॉलिशिंग मशीन वर असले तरी माझ्या मते पाण्याखाली कापणारा लहान कटर मशीनच्या शेजारीच असायला हवा.

पेपर घेताना मागचा क्रमांक नीट पाहावा. बाजारात दोन मोजमाप-पद्धतींचे पेपर मिसळून मिळतात. क्रमांकाआधी ‘पी’ असलेल्या युरोपीय पद्धतीत पी १२०० च्या कणाचे सरासरी आकारमान सुमारे १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, तर अमेरिकी पद्धतीत जवळपास तेवढ्याच कणाला ६०० म्हणतात. नुसते १२०० लिहिलेला अमेरिकी पेपर त्याहून कितीतरी बारीक असतो. एका पुड्यातला ६०० आणि दुसऱ्यातला पी ६०० एकाच नमुन्यावर वापरला तर क्रमच बिघडतो. आपल्या कामासाठी पी १८० किंवा पी २४०, मग पी ४००, पी ८००, पी १२०० आणि शक्य असल्यास पी २५०० असा क्रम पुरेसा आहे. तांब्याचे मिश्रधातू मऊ असतात. पेपरमधून सुटलेला कण त्यांत रुतून बसतो आणि पुढच्या पायरीवर सुटून नवा ओरखडा काढतो. त्यासाठी पाणी भरपूर सोडावे, दाब हलका ठेवावा आणि गुळगुळीत झालेला पेपर लगेच टाकून द्यावा. मऊ धातूसाठी झिजलेला पेपर काटकसरीने वापरणे म्हणजे घासण्याऐवजी धातू सारवणे होय.

नंतर पॉलिशिंग. मखमल आणि ॲल्युमिना यांच्या थेट उडीऐवजी मधल्या पायऱ्या घालाव्यात: कठीण, बिनलवीच्या कापडावर ६ मायक्रॉन कणांची हिऱ्याची पेस्ट, मग ३ मायक्रॉन, मग मऊ कापडावर १ मायक्रॉन, आणि शेवटी अगदी थोडा वेळ कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारी अतिसूक्ष्म सिलिका, जिचे कण सुमारे ०.०४ मायक्रॉन असतात. प्रत्येक हिऱ्याच्या पेस्टचे कापड स्वतंत्र असावे. नमुना एका पायरीवरून दुसरीवर नेताना तो साबणाच्या पाण्याने व कापसाने धुवावा, आणि हातही धुवावेत, कारण नखाखाली अडकलेला एक जाड कण १ मायक्रॉनचे कापड कायमचे वाया घालवू शकतो.

हे सर्व लक्षात घेता माझी शिफारस दोन चकत्यांच्या, वेग बदलता येणाऱ्या, हाताने चालवायच्या मशीनची आहे. एका चकतीवर पेपर आणि पाणी, दुसरीवर कापड आणि हिरा, असे कायमचे वेगळेपण राहिले तर ओरखड्यांची निम्मी भीती तिथेच संपते. ठरावीक वेगाचे मशीन घेऊ नका. घासण्याला मिनिटाला २०० ते ३०० फेरे चालतात, पण पॉलिशिंगला १५० किंवा त्याहून कमी लागतात. २५० मिमीच्या चकतीची कड ३०० फेऱ्यांना सेकंदाला जवळजवळ ४ मीटर वेगाने धावते. त्या वेगात कापडावरचे द्रावण बाहेर फेकले जाते आणि नमुना कोरडा घासला जातो. लेथच्या चकात आपण नेमका किती वेग ठेवता, हे एकदा पाहावे.

मशीन दुरुस्ती, कुडाळ

सरांनी नमुन्याच्या बाजूने सांगितले आहे. मी मशीनच्या बाजूने लिहितो. महाविद्यालयांतली आणि कारखान्यांतली अशी मशीन मी किनारपट्टीवर दुरुस्त करतो आणि त्यांचे आयुष्य कशावर संपते हे मला ठाऊक आहे. मोटर सहसा जळत नाही. चकतीखालच्या शाफ्टचे ऑइल सील झिजते, घासलेल्या धातूचा आणि सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे पेपरवरच्या कणांचा, गाळ पाण्याबरोबर बेअरिंगमध्ये उतरतो, आणि मग चकती डगमगू लागते. किनाऱ्यावरच्या हवेत यात मिठाची भर पडते.

म्हणून मशीन पाहायला जाल तेव्हा चकती उचलून खालचा भाग पाहावा. चकतीच्या मध्यभागी, शाफ्टभोवती, भांड्याच्या तळापेक्षा उंच असा कडा असला पाहिजे, म्हणजे नळी तुंबली तरी पाणी शाफ्टमधून खाली न जाता भांड्यात साचेल आणि आपल्याला दिसेल. भांडे फायबरचे किंवा चांगल्या प्लास्टिकचे असावे. रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचे मशीन आपल्याकडे घेऊ नये. रंगाला एकदा ओरखडा गेला की पुढच्या पावसाळ्यात पत्रा आतून फुगतो आणि गंजाचे पापुद्रे कापडावर पडू लागतात. चकती ॲल्युमिनिअमची असेल तर ती ॲनोडाइझ केलेली, म्हणजे वर संरक्षक ऑक्साइडचा थर दिलेली, आहे ना, हे विचारावे, कारण मचूळ पाण्याने साध्या ॲल्युमिनिअमला बारीक खड्डे पडतात आणि त्यांवर चिकटवलेला पेपर सपाट बसत नाही.

घेण्याआधी चकतीवर डायल गेज लावून ती हाताने हळू फिरवून पाहावी. आपण मशीनिंग करणारे आहात, तेव्हा गेज आपल्याकडे असणारच. सुई लक्षणीय हलत असेल तर नमुना प्रत्येक फेऱ्याला उचलला जाऊन आदळतो, आणि त्याच्या कडा गोलावण्याचे ते एक कारण असते. आपल्या लाकडी चकतीचीही अशीच तपासणी करावी; लाकूड पावसाळ्यात फुगते, त्यामुळे ती जूनमध्ये आणि जानेवारीत सारखी सपाट असेल असे मला वाटत नाही.

वेग बदलणारी मशीन बहुधा व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर, चालतात. हे यंत्र घेताना त्याचे सर्किट कार्ड लेप दिलेले आहे का ते विचारावे आणि त्याची पेटी पाण्याच्या उडणीपासून दूर, भिंतीवर उंच बसवून घ्यावी. मशीनच्या पोटातच, नळीच्या शेजारी बसवलेला व्हीएफडी दमट हवेत फार टिकत नाही. विजेचा दाब खाली गेला की तो ट्रिप होतो आणि त्याने मोटर वाचते. थेट जोडलेली मोटर मात्र कमी दाबावर जास्त करंट ओढून तापत राहते. ओल्या हातांनी चालवायचे हे काम आहे, म्हणून चांगले अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच यांशिवाय मशीन चालू करू नये. विक्रेता बसवून देतो तेव्हा याकडे हमखास दुर्लक्ष होते.

सांडपाण्याची नळी थेट गटारात सोडू नये. मध्ये एक झाकणाचा ड्रम ठेवून त्यात गाळ बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणी पुढे न्यावे. गाळ नळीत घट्ट बसला की नळी कापूनच काढावी लागते, आणि ब्राँझचा गाळ वहाळात जाणे कोणाच्याच हिताचे नाही.

क्षरण तपासणी, महाड

चिपळूणच्या सरांच्या बहुतेक सूचनांशी मी सहमत आहे. परंतु हाताने चालवायच्या मशीनवरच थांबावे, या सल्ल्याबद्दल माझे मत वेगळे आहे, आणि त्याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. आपल्याला ओतकामातला दोष आणि समुद्राने खाल्लेला धातू यांत फरक करायचा आहे. हा फरक नमुन्याच्या मध्यभागी दिसत नाही, कडेला दिसतो.

मँगनीज ब्राँझ नावाने ब्राँझ असले तरी ते जवळजवळ ४० टक्के जस्त असलेले पितळ आहे. समुद्राच्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, तांबूस तांबे उरते. या पितळात अल्फा आणि बीटा अशा दोन रचना असतात; त्यांपैकी जास्त जस्ताची बीटा रचना आधी खाल्ली जाते. बाहेरून पाते जवळजवळ होते त्याच आकाराचे दिसते, पण पृष्ठभागाखालच्या त्या थरात बळ उरलेले नसते, आणि तडा तिथूनच आत शिरतो. याउलट ओतकामातले दोष आत असतात. वायूची छिद्रे गोल आणि गुळगुळीत दिसतात, तर आकुंचनाने राहिलेल्या पोकळ्या वेड्यावाकड्या, झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या धातूच्या वाढीच्या मधल्या जागांतून पसरलेल्या असतात. आता विचार करा की कड गोलावलेली असेल तर जस्त गेलेला थर सूक्ष्मदर्शकाच्या स्पष्ट कक्षेत येणारच नाही, आणि सच्छिद्र थर पॉलिश करताना सुटून पडला तर जे दिसेल ते निरोगी धातूसारखेच दिसेल. अहवालात ‘क्षरण आढळले नाही’ असे लिहिले जाईल आणि ते चुकीचे असेल.

हाताने बोटांच्या दाबाखाली नमुना पूर्ण सपाट ठेवणे कसबी माणसालाही कठीण जाते. हेडमध्ये अनेक नमुने एका घट्ट चौकटीत धरले जातात आणि ती चौकट मध्यावरून दाबली जाते, तेव्हा सगळे मिळून एकच मोठे सपाट प्रतल बनते. कडांसाठी ही मध्यवर्ती दाबाची पद्धत सर्वांत चांगली. तिची अट एवढीच की चौकट समतोल भरलेली हवी आणि एखादा नमुना मध्येच काढून पाहता येत नाही. प्रत्येक नमुना स्वतंत्र दांड्याने दाबणारे हेड सोयीचे असते, पण त्यात नमुना किंचित डोलू शकतो. ३० मिमी व्यासाच्या एका नमुन्यावर २० ते ३० न्यूटन दाब पुरतो, म्हणजे सहा नमुन्यांच्या चौकटीला सुमारे १५० न्यूटन.

हेडचा आणखी एक गुण क्वचितच समजावून सांगितला जातो. हेड आणि चकती एकाच दिशेने आणि समान वेगाने फिरवली, तर नमुन्याच्या प्रत्येक बिंदूचा कापडाशी असलेला सापेक्ष वेग तंतोतंत सारखा राहतो, मग तो बिंदू चकतीच्या कडेजवळ असो की मध्याजवळ. त्यामुळे घासणेही सर्वत्र सारखे होते. विरुद्ध दिशेने फिरवल्यास धातू लवकर निघतो. शेवटच्या कोलॉइडल सिलिकेच्या पायरीला काही जण ती दिशा वापरतात. पण मग दाब आणि वेग दोन्ही कमी ठेवावे लागतात.

कडेसाठी माउंट, म्हणजे नमुना ज्यात बसवतो तो साचा, हाही महत्त्वाचा आहे. ॲक्रिलिक घट्ट होताना आकसते आणि धातूपासून सुटते. त्या केसाएवढ्या फटीत पाणी, साबण आणि शेवटी एचिंगचे आम्ल शिरते, नमुना वाळवला तरी ते तिथेच राहते आणि थोड्या वेळाने बाहेर झिरपते. आपल्या तपकिरी डागांचे कारण बहुतेक हेच आहे. ब्राँझच्या पात्यांसाठी सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी वापरावे, आणि जस्त गेलेल्या थराचा संशय असेल तर इपॉक्सी ओतल्यावर नमुना निर्वात भांड्यात ठेवून त्या छिद्रांतली हवा काढून घ्यावी, म्हणजे इपॉक्सी आत शिरते आणि सच्छिद्र थर पॉलिशिंगमध्ये टिकून राहतो. स्वयंचलित हेड आता परवडत नसेल तर ते नंतर बसवता येईल असेच मशीन घ्यावे. विक्रेत्याकडून हे लेखी घ्यावे.

आणि तुटलेले पाते हाती आले की तुटलेला पृष्ठभाग आधी कोरडा करून, छायाचित्रे काढून, जपून ठेवावा. त्याला पेपर लावू नये आणि दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहू नयेत. नमुना त्याच्या शेजारून, तड्याला आडवा कापावा.

मिरजोळे वर्कशॉप, रत्नागिरी

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जस्त गेलेल्या थराबद्दल वाचल्यावर मी जुन्या पात्यांचे राखून ठेवलेले तुकडे काढून पाहिले. हॅकसॉने कापलेल्या एका तुकड्यात कडेने तांबूस पट्टा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो आहे, आणि आमच्या पॉलिश केलेल्या नमुन्यात तो पट्टा मुळीच नव्हता.

दोन शंका उरतात. पहिली पाण्याची: पूर्ण काम शुद्ध पाण्याने करणे शक्य नाही, तर मचूळ पाणी कोणत्या पायरीपर्यंत चालेल? आणि पावसाळ्यात कापडांना बुरशी येते व इपॉक्सी चिकट राहते, त्यावर काय करावे? दुसरी शंका बिडाची आहे. आम्ही तयार केलेल्या नमुन्यात ग्रॅफाइटच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात.

ओतशाळा प्रयोगशाळा, कोल्हापूर (मूळ गाव देवगड)

बिडाबद्दल मी सांगतो, कारण आमच्याकडे रोजचे काम तेच आहे. ग्रॅफाइट मऊ असते आणि लांब लवीचे कापड ते उपसून काढते. मग खड्ड्याच्या कडाही झिजून मोठ्या होतात आणि ग्रॅफाइटचा आकार व प्रमाण दोन्ही चुकीचे दिसतात. दुसऱ्या टोकाला, झिजलेल्या पेपरने खड्ड्यावर लोखंड सारवले जाते आणि ग्रॅफाइट आहे त्याहून कमी दिसते. म्हणून मखमल पूर्ण बंद करावी. पी १२०० पर्यंत ताजे पेपर, मग बिनलवीच्या कापडावर ३ मायक्रॉन हिरा, आणि १ मायक्रॉनवर अगदी थोडा वेळ, एवढेच करावे. नीट टिकलेले ग्रॅफाइट काळेकुट्ट दिसत नाही. ते राखाडी दिसते आणि त्यात पोत जाणवतो. ग्रॅफाइटचे वर्गीकरण एचिंगपूर्वीच करावे. आयएसओ ९४५ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये त्यासाठी तुलनेची चित्रे आहेत, ती छापून सूक्ष्मदर्शकाजवळ लावून ठेवावीत.

हिऱ्याच्या पायऱ्यांवर वंगण अल्कोहोलवर आधारित घ्यावे, कारण बीड पाण्यात मिनिटांत गंजते. धुऊन झाल्यावर अल्कोहोलची धार आणि लगेच गरम हवेचा ड्रायर. धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळते आणि चालते. मात्र नायटल, म्हणजे बिडाच्या एचिंगचे द्रावण, करताना ते वापरू नये. नायटल इथेनॉलमध्ये, नायट्रिक आम्ल अल्कोहोलात थेंबाथेंबाने सोडून, दोन टक्क्यांचे आणि लागेल तेवढेच करावे. ते घट्ट बुचाच्या बाटलीत साठवून ठेवणे धोक्याचे आहे.

धातुशास्त्र विभाग, चिपळूण

महाडच्या सहकाऱ्यांचा कडेबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि आपण जुन्या तुकड्यात पाहिलेला पट्टा त्याला दुजोरा देतो. तेव्हा माझ्या शिफारशीत बदल करतो: २५० मिमीच्या दोन चकत्यांचे, वेग बदलता येणारे आणि पुढे हेड बसवता येईल अशा पायाचे मशीन घ्यावे. तोवर हाताने काम करताना नमुना चकतीच्या फिरण्याविरुद्ध सावकाश गोल फिरवत राहावा. तसे न केल्यास छिद्रांच्या आणि कठीण कणांच्या मागे एकाच दिशेने शेपट्या ओढल्या जातात, आणि आपल्या कामात छिद्राचा खरा आकारच तर महत्त्वाचा आहे.

पाण्याचे म्हणाल तर पेपरच्या पायऱ्यांना मचूळ पाणी चालवून घेता येईल, फक्त मध्ये थांबून नमुना ओला ठेवू नये. शेवटच्या पेपरनंतरचे धुणे, हिऱ्यानंतरचे धुणे आणि एचिंगची सर्व द्रावणे यांसाठी डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी हवे, कारण क्लोराइडने ब्राँझ आणि बीड दोन्ही काळवंडतात. यासाठी पाणी फार लागत नाही. पिळून धार सोडायच्या बाटल्या भरून ठेवल्या तरी पुरतात. पावसाचे पाणी कौलांवरून घेऊ नये. किनाऱ्यावर त्यात मीठ आणि धूळ दोन्ही येतात.

कोलॉइडल सिलिकेच्या पायरीत शेवटचे १५-२० सेकंद कापडावर फक्त शुद्ध पाणी सोडून नमुना फिरवत ठेवावा, म्हणजे नमुना आणि कापड दोन्ही धुतले जातात. हे कापड सिलिकेसह वाळले तर तिचे टणक खडे बनतात आणि ते कापड पुढे ओरखडेच काढते. कापडे धुऊन, पाणी निथळवून, प्रत्येक आकाराच्या हिऱ्यासाठी वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. बुरशी धरलेले कापड धुऊन वापरू नये.

इपॉक्सी चिकट राहते ते त्यातल्या हार्डनरने हवेतला ओलावा शोषल्यामुळे. हार्डनरची बाटली वापरून झाल्याबरोबर बंद करावी, मिश्रण वजनकाट्यावर मोजूनच करावे, आणि माउंट रात्रभर बंद खोक्यात, आत सिलिका जेल ठेवून राहू द्यावे. ओल्या नमुन्यावर इपॉक्सी ओतले तर ते धातूला धरत नाही आणि तीच फट पुन्हा तयार होते, म्हणून नमुना आधी अल्कोहोलने धुऊन गरम हवेने पूर्ण वाळवावा. सच्छिद्र थर असेल तर वाळवायला जास्त वेळ द्यावा, कारण त्या छिद्रांत समुद्राचे पाणी अजून असते.

जुने तुकडे टाकून देऊ नका. मशीन आले की पहिला नमुना त्या तांबूस पट्ट्याचाच करावा, फेरिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पाण्यातल्या द्रावणाने काही सेकंद एचिंग करावे, आणि कड व मध्य एकाच वेळी स्पष्ट दिसतात का ते २०० पटींवर पाहावे. दिसत असतील तर आपली पद्धत बसली असे समजावे. नसतील तर ते छायाचित्र इथे टाकावे. कापड बदलायचे, दाब बदलायचा की माउंट, हे त्यावरून सांगता येईल.